वाचकांचे प्रश्न : आगबोटीने येणारा बाजार

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विनंती केली होती की, आपल्या घरातल्या पेटीत, माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांतली एखादी वस्तू, पावती, जाहिरात किंवा तसबीर असेल, तर तिच्याविषयीची शंका आम्हाला कळवावी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी मनापासून लिहिले असून त्यांतली निवडक पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की वर्तमानपत्रात जाहिरात आली म्हणजे ती वस्तू लोकांना मिळत होती. मुंबईत काळबादेवीला राहणाऱ्या माणसापुरते हे खरे असेल. पण देवगड किंवा गुहागर तालुक्यातल्या घरात तीच वस्तू पोचायची तर समुद्र खुला असावा लागे, बंदरावर माल उतरवून घेणारा कोणी असावा लागे आणि बहुधा मुंबईत नोकरीला असलेला एखादा नातेवाईकही असावा लागे. कोकणात तेव्हा भावापेक्षा वाहतूक मोठी होती, असे माझे मत आहे, आणि पुढची उत्तरे त्याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : आगबोट बंद झाली की दुकानातला माल संपत जाई, असे आमची पणजी सांगत असे. खरोखरच वर्षातले काही महिने कोकणात बाहेरचे काहीच येत नसे का? — एक वाचक, देवगड

उत्तर : काहीच येत नसे असे नाही, पण जे येई ते थोडे असे आणि महाग पडे. आगबोटींच्या आधी किनाऱ्यावरचा सगळा व्यापार फत्तेमारी, मचवे, शिबाडे अशा शिडाच्या गलबतांवर चाले आणि वारा देईल त्या दिवशी माल पोचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान शेफर्ड कंपनीच्या आगबोटी फिरू लागल्या, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना प्रथमच वेळापत्रक मिळाले. अमुक वारी बोट लागणार हे ठाऊक असल्यामुळे दुकानदार मुंबईच्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवून ठेवू लागला, आणि आंबा, नारळ, सुपारी, कोकम यांचे मुंबईतले दिवस मोजून माल पाठवता येऊ लागला. कोकणच्या बाजाराला या नियमितपणाचा जेवढा उपयोग झाला तेवढा बोटीच्या वेगाचाही झाला नसेल.

तरीही बोट लागली म्हणजे माल हातात आला असे होत नसे. यांतल्या बहुतेक बंदरांवर आगबोट धक्क्याला लावता येत नव्हती, म्हणून ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, गाठोडी, पेट्या, गोण्या शिडीवरून होडीत उतरवाव्या लागत. होडीही शेवटच्या काही हातांवर थांबे, आणि तेथून गुडघाभर पाण्यातून माल डोक्याखांद्यावर किनाऱ्याला येई. साखरेच्या किंवा पिठाच्या गोणीवर एक लाट आली की ती विकण्याच्या लायकीची राहत नसे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मालात पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट लाकडी खोक्यात बंद केलेल्या वस्तू कोकणात अधिक सुखरूप पोचल्या आणि लवकर रुळल्या.

मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की आगबोटी थांबत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर, हळूहळू पुन्हा सुरू होत. म्हणून आगोटीची खरेदी हा प्रत्येक घरातला मोठा खर्च असे. मीठ, गूळ, मिरची, डाळी, कांदे, सुकी मासळी, जळण यांची चार महिन्यांची बेगमी पाऊस लागण्यापूर्वी करावी लागे. दुकानदारही तेच मोठ्या प्रमाणावर करी आणि त्यासाठी पुष्कळदा कर्ज काढी. म्हणून श्रावणातल्या भावात मूळ किंमत, चार महिन्यांचे व्याज आणि दमट हवेत खराब झालेल्या मालाची तूट या तिन्ही गोष्टी येत. आपल्या पणजींनी सांगितलेली टंचाई ही अशी होती.

पावसाळ्यात घाटाची वाट तेवढी उरे. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीकडून आंबा, पुढे फोंडा आणि आंबोली या घाटांतून बैलांच्या पाठीवर माल येत असे, आणि शतकाच्या उत्तरार्धात तेथे गाडीरस्ते झाले. या वाटा सामान्य माणसाला काय पडत, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या व्यक्तीचे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १८७५ मध्ये सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि तेथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. परीक्षा घेणे ही सरकारने लोकांना खुली केलेली सोय होती; मात्र तिचे केंद्र कोकणातल्या मुलापासून एवढे दूर होते की जाहीरनामा वाचणे आणि परीक्षेला बसणे यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता.

घाट आणि बंदर यांचे नाते किती नाजूक होते हे वेंगुर्ल्यावरून दिसते. आंबोली घाटाच्या रस्त्यामुळे बेळगावकडचा माल वेंगुर्ल्याला उतरे आणि बाहेरचा माल तेथूनच वर चढे. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून घाटमाथ्याकडे जाणारी रेल्वे खुली झाली, आणि वेंगुर्ल्याची ही आवकजावक त्या वाटेने वळू लागली. वेंगुर्ल्याचा समुद्र जिथल्या तिथे होता, बंदरही तेच होते, पण बाजार दुसरीकडे गेला.

प्रश्न : त्या काळी एका रुपयात महिन्याचा बाजार होई असे जुनी माणसे सांगतात. आजच्या हिशोबाने तो रुपया किती रुपयांचा धरावा? — एक वाचिका, अलिबाग

उत्तर : असा एकच आकडा काढू नये असे मी आग्रहाने सुचवतो, कारण तो प्रत्येक वस्तूसाठी वेगळा निघतो आणि शेवटी मनात फक्त ‘स्वस्ताई’ हा शब्द उरतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पई, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, हा हिशोब आधी मनात बसवावा. चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा असे. धान्य मात्र कोकणात तोलण्यापेक्षा मापले जाई. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हे सर्वत्र चाले, पण मणात किती पायल्या हे ठिकाणानुसार बदले. म्हणून ‘रुपयाला इतके मण’ असा जुना उल्लेख सापडला तरी तो कोणत्या गावच्या मापाचा आहे हे कळल्याखेरीज त्याची तुलना करता येत नाही.

भावापेक्षा मिळकतीकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सरकारने १८८६ मध्ये आयकराचा कायदा केला तेव्हा शेतीबाहेरचे वार्षिक उत्पन्न ५०० रुपयांच्या आत असलेल्याला कर नव्हता. म्हणजे महिन्याला सुमारे ४२ रुपये मिळवणारा माणूस सरकारच्या लेखी कर देण्याइतका सधन ठरे. कोकणातल्या बहुसंख्य कुटुंबांना, म्हणजे खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळांना, खलाशांना, माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांना, मजुरांना ही रक्कम दूरची होती. त्यांच्या हाती रोख पैसाच कमी येई, कारण मजुरीचा काही भाग भातात मिळे आणि बलुतेदारांचा हिशोब सुगीला धान्यात होई. ज्याच्याकडे रोकड नाही त्याला एक पैशाची वस्तूही महाग असते, ही गोष्ट जुन्या दरपत्रकांवरून समजत नाही.

तुलनेसाठी सरकारी सेवांचे दर घ्यावेत, कारण ते सर्वत्र सारखे होते. १८७९ मध्ये आलेले पोस्टकार्ड एका पैशाला मिळे, म्हणजे रुपयात चौसष्ट कार्डे. १८५५ मध्ये तार जनतेला खुली झाली तेव्हा चारशे मैलांपर्यंतच्या सोळा शब्दांना एक रुपया पडे. एकाच रुपयाची ही दोन रूपे पाहिली की कोणती सेवा कोणासाठी होती ते आपोआप कळते. कार्ड गरिबाच्या आवाक्यात आले. तार मात्र व्यापाऱ्याची, सरकारी अंमलदाराची आणि कोणाच्या तरी मरणाची राहिली.

प्रश्न : आजोबांच्या कागदांत १८८० च्या सुमाराचे एक मराठी वर्तमानपत्र सापडले. त्यात एकाच गोळीने थंडीताप, अजीर्ण, मूळव्याध, अशक्तता आणि स्त्रियांचे विकार बरे होतात अशी विलायती औषधाची जाहिरात आहे. या गोळ्यांत काय असे? त्या खरोखर गुणकारी होत्या का? — एक वाचक, राजापूर

उत्तर : आपण पाठवलेल्या मजकुरात कंपनीचे नाव फाटून गेले आहे, त्यामुळे नेमक्या त्या गोळीविषयी बोलता येत नाही. पण या जातीची औषधे तेव्हा हिंदुस्थानभर जाहिरातींच्या जोरावर विकली जात. लंडनच्या थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये, म्हणजे राणी गादीवर आली त्याच वर्षी, आपला मलम आणि पुढे गोळ्या विकायला काढल्या, आणि जगातल्या अनेक भाषांतल्या पत्रांत जाहिराती देऊन अफाट संपत्ती मिळवली. बीचमच्या गोळ्याही अशाच गाजल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने या गुप्त औषधांचे पृथक्करण करवले तेव्हा बीचमच्या गोळीत कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. म्हणजे ती एक रेचक गोळी होती. पोट साफ झाल्यावर माणसाला बरे वाटते, आणि जाहिरात त्या बरे वाटण्याचे श्रेय दहा रोगांवर वाटून देते.

त्यांच्यापेक्षा गंभीर प्रकार क्लोरोडाइनचा. हिंदुस्थानातल्या लष्करात नोकरी केलेल्या डॉ. कॉलिस ब्राउन यांनी ते पटकीवर (कॉलऱ्यावर) म्हणून तयार केले होते, आणि त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क व क्लोरोफॉर्म ही द्रव्ये असत. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, जुलाब थांबल्यासारखे दिसतात आणि वेदना कळत नाही. म्हणून नातेवाइकांना औषध लागू पडले असे वाटे. पटकीचा रोगी मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि त्यावर या औषधाचा काही उपाय नव्हता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे शोधला. मीठ-साखरेच्या पाण्याचा साधा उपाय सर्वमान्य व्हायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. क्लोरोडाइनची सवय लागून माणसे व्यसनी झाल्याच्या आणि जास्त मात्रेने दगावल्याच्या घटना इंग्लंडमध्येही घडल्या.

त्या काळच्या आईबापांना दोष देण्यासारखे यात काही नाही. डॉक्टर तालुक्याच्या गावी, तेथे जायला खाडीवर होडी आणि पुढे पायवाट, आणि घरात तापाने फणफणलेले मूल. अशा वेळी बाटलीवर छापलेले आश्वासन माणूस धरून ठेवणारच. दोष असलाच तर तो औषधात काय आहे हे न सांगता ते विकू देणाऱ्या व्यवस्थेचा होता. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० मध्ये आला आणि चमत्कारी गुणांचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ मध्ये झाला. आपल्या घरी यांपैकी एखादी भरलेली बाटली असेल तर ती कृपा करून उघडू नये, वास घेऊ नये व मुलांच्या हाती देऊ नये.

प्रश्न : मुंबईहून गावी पैसे पाठवल्याच्या जुन्या पावत्या आमच्या पेटीत आहेत. मनीऑर्डर नव्हती तेव्हा चाकरमानी घरी पैसे कसे पाठवीत? आणि पोस्टाने वस्तू मागवता येत होत्या का? — एक वाचिका, गुहागर

उत्तर : पोस्टखात्याने मनीऑर्डरचे काम १ जानेवारी १८८० पासून आपल्याकडे घेतले. त्यापूर्वी सरकारी खजिन्यामार्फत पैसे पाठवण्याची सोय होती, पण खजिना जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी असल्याने गिरणीतल्या कामगाराला ती फारशी उपयोगाची नव्हती. व्यापारी हुंडी वापरीत. बाकीच्यांचा भरवसा गावी जाणाऱ्या माणसावर असे. शिमग्याला किंवा गणपतीला कोणी निघाला की त्याच्या कमरेच्या पिशवीत चार घरांचे पैसे बांधून दिले जात; आणि पावसाळ्यात, जेव्हा घरी भात संपत आलेले असे आणि पैशाची गरज सर्वांत जास्त असे, तेव्हाच जाणारे माणूस मिळत नसे. म्हणूनच कोकणाला राणीच्या काळात मिळालेल्या सगळ्या सोयींत मनीऑर्डर मला सर्वांत मोलाची वाटते. मुंबईच्या गिरण्यांना लागलेल्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा वाटा फार मोठा होता, आणि त्यांच्या मागे राहिलेली घरे याच पैशांवर चालली. टपाल पावसातही थांबत नसे. डाक नेणारा माणूस हातात घुंगरू लावलेली काठी किंवा भाला घेऊन, डोक्यावर इरले किंवा घोंगडी घेऊन, ठरलेला टप्पा पळतच ओलांडी.

जुन्या दस्तऐवजांवर लिहिता न येणाऱ्या पुरुषाच्या नावापुढे नांगराची आणि बाईच्या नावापुढे बांगडीची निशाणी आढळते. आपल्या पेटीत अशी खुणेची कागदपत्रे असतील तर ती जपून ठेवावीत. घर सांभाळणाऱ्या बाईचा लेखी पुरावा पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो.

वस्तू मागवता येत होत्या. १८७७ मध्ये व्हीपी म्हणजे माल हाती पडल्यावर पोस्टमनकडे पैसे भरण्याची पद्धत सुरू झाली, आणि गावातल्या माणसाला मुंबईतल्या अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवण्याची भीती उरली नाही. पोथ्या, पंचांगे, शालेय पुस्तके, घड्याळे, औषधे या पद्धतीने गावोगाव गेली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. सुबक आणि शुद्ध छपाईची पुस्तके कोकणातल्या भिक्षुकाच्या घरापर्यंत पोचली त्यात पोस्टाचा वाटा छापखान्याइतकाच आहे. १ एप्रिल १८८२ पासून पोस्टातच बचत खातेही उघडता येऊ लागले.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या कौलांवर बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले आहे. म्हणजे घर १८६५ सालचे समजावे का? — एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. १८६५ हे मंगळूरला बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे साल आहे, आणि कारखान्याची खूण म्हणून ते कौलावर उमटवलेले असू शकते. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे हे कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले, म्हणून मिशनच्या नावाचे कौल साधारणपणे १८६५ आणि त्या युद्धाचा काळ यांच्या मधले धरावे. शिवाय कौले घरापेक्षा नवी असू शकतात, आणि मोडलेल्या घराची कौले दुसऱ्या घरावर चढवण्याचा प्रघात कोकणात आजही आहे. घराचे वय ठरवायचे तर जोत्याचा चिरा, खांबांचे कोरीवकाम आणि जमिनीचे कागद पाहावेत.

या कौलाने कोकणी घरात जो बदल केला तो मोठा आहे. आधी गरिबाच्या घरावर गवत, पेंढा किंवा माडाची चुडते असत आणि बऱ्या स्थितीतल्या घरावर गावच्या कुंभाराचे नळे. नळे एकमेकांवर नुसते ठेवलेले असल्यामुळे वाऱ्याने सरकत, वानरांच्या उड्यांनी फुटत, आणि दर वर्षी पावसाआधी सगळे छप्पर उतरवून शाकारणी करावी लागे. मंगलोरी कौलाला खाचा असतात आणि एक कौल दुसऱ्यात अडकून बसते. साधारण १५० कौलांत १०० चौरस फुटांचे छप्पर झाकले जाते. छपराचे वजन नळ्यांच्या दुहेरी थरापेक्षा कमी भरते आणि गळतीही कमी होते. मंगळूरची माती, मिशनचे यंत्र आणि समुद्राची वाट यांमुळे हा माल गलबतांतून किनाऱ्याने वर आला, म्हणून बंदरालगतच्या घरांवर तो आधी चढला आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत पुष्कळ उशिरा. नळे थापणाऱ्या कुंभारांचे एक नेमाचे काम मात्र त्यामुळे कमी होत गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही दरपत्रकात नाही.

प्रश्न : राणीच्या काळातल्या घराचा देखावा शाळेच्या प्रदर्शनात मांडत आहोत. त्यात रॉकेलचा कंदील आणि चहाचे कप ठेवावेत का? — एक शिक्षिका, दापोली

उत्तर : १८८० नंतरचे घर दाखवणार असाल तर कंदील किंवा पत्र्याची चिमणी अवश्य ठेवावी. त्याआधीच्या घरात उंडीच्या किंवा करंजाच्या तेलाचा दिवा आणि देवापुढे खोबरेल दाखवावे. रॉकेल आधी अमेरिकेतून आणि पुढे रशियातूनही येई. एका लाकडी खोक्यात दोन चौकोनी डबे असत, आणि रिकामा डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला, कापून पन्हळ करायला घरोघर वापरला जाई. चहाचे कप ठेवू नयेत. मुंबईतल्या काही घरांत आणि साहेबी बंगल्यांत चहा होता, पण खेड्यातल्या घराघरांत तो रुजला विसाव्या शतकात, चहाच्या व्यापाऱ्यांनी गावोगाव प्रचार केल्यानंतर. पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवलात तर देखावा खरा होईल.

प्रश्न : शाळा, पाणवठे, दवाखाने या सोयी सरकारने सर्वांसाठी केल्या होत्या असे लिहिलेले आढळते. त्या सर्वांना मिळत होत्या का? — एक वाचक, महाड

उत्तर : मिळत नव्हत्या, आणि हे सांगितल्याशिवाय या विषयावरचे कोणतेही लेखन पुरे होत नाही. मुंबई इलाख्यातल्याच धारवाडला १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. पुढे १८५८ मध्ये, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील असे सरकारने जाहीर केले. पण ते धोरण कागदावर आणि शाळेच्या ओसरीवर यांत फार अंतर राहिले. दापोलीला लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. आयुष्य सरकारी चाकरीत गेलेल्या या माणसांना आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर यांनी लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध लिहिले, आणि महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये सरकारकडे निवेदन केले.

आपल्या महाडचाच दाखला घ्यावा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव पुढच्या वर्षी केला, आणि तरीही त्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. राणीच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी ही स्थिती असेल, तर तिच्या कारकिर्दीत ‘सर्वांसाठी’ या शब्दांचा अर्थ किती मर्यादित होता हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले पूर्वजांचे छायाचित्र आहे. ते किती जुने असेल? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुठ्ठा सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असेल तर ते १८६० नंतरचे, आणि सुमारे सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असेल तर बहुधा त्याहून थोड्या नंतरच्या पद्धतीचे आहे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा मराठी छायाचित्रकार त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथे व्यवसाय करीत होता. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. कोकणातल्या कुटुंबांची अशी चित्रे बहुतेक मुंबईला गेले असताना काढलेली असतात, म्हणून पुठ्ठ्याच्या मागे छापलेला स्टुडिओचा पत्ता वाचावा. चित्र प्लास्टिकमध्ये सीलबंद करू नये. आपल्याकडच्या दमट हवेत आत बुरशी धरते. कोऱ्या, आम्लरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडच्या चांदीच्या रुपयांवर १८६२ हे साल आहे. ते सगळे त्याच वर्षीचे का? — एक वाचिका, हर्णै

उत्तर : तसे असेलच असे नाही, कारण १८६२ हे साल कोरलेले रुपये पुढेही काही वर्षे पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांवर वर्षाची खूण म्हणून बारीक ठिपके घातलेले असत, ते भिंगातून पाहावेत. राणीच्या नावापुढे सम्राज्ञी ही पदवी १८७७ पासूनच्या नाण्यांवर आहे. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. ठिपके झिजून जातात.